पाथरवटांनी बांधलेला विटांचा हॉल

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या व्हर्माँट राज्यात बॅरी नावाचं छोटं शहर आहे. शहराजवळच्या डोंगरांत राखाडी ग्रॅनाइटच्या प्रचंड खाणी आहेत. शतकाहून अधिक काळ इथल्या दगडाने अमेरिकेतल्या समाध्या, पुतळे आणि सरकारी इमारती घडत आल्या आहेत. या गावातल्या पाथरवटांनी १९०० साली स्वतःसाठी सभागृह बांधलं, ते मात्र विटांचं. ग्रॅनाइट मालकांचा होता आणि विकायला होता. कामगारांनी तो मोजक्याच जागी वापरला. त्यातली एक जागा दर्शनी भिंतीवर, नजर वर उचलल्यावर दिसते. तिथे आवळलेल्या मुठीत हातोडा धरलेला एक दंड दगडात कोरलेला आहे.

ते चिन्ह सोशलिस्ट लेबर पार्टीचं. इमारतीला मूळ नावही पक्षाचंच मिळालं, पण आज गाव तिला ‘ओल्ड लेबर हॉल’ म्हणून ओळखतं. पुढे सपाट छपराचा साधा दुमजली भाग आणि मागे मोठं सभागृह अशी तिची रचना आहे. रस्त्याचं नाव ग्रॅनाइट स्ट्रीट. एखाद्या गोदामाची वाटावी इतकी ही इमारत अबोल दिसते, आणि मधली जवळजवळ साठ वर्षं ती खरोखरच गोदाम होती. कामगारांनी बांधली, कामगारांच्या हातून गेली आणि पुन्हा गावाच्या हातात आली. जगभर कामगारांच्या कितीतरी वास्तू पाडल्या गेल्या, मग ही का टिकली, हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावाकडे पाहणाऱ्या मराठी माणसाला जवळचा वाटेल.

१८८० च्या सुमारास बॅरी दोनेक हजार वस्तीचं गाव होतं. १८७५ मध्ये रेल्वे आली, आणि १८८८ मध्ये डोंगरावरच्या खाणींपर्यंत रूळ चढले. अवजड दगड बैलगाड्यांतून उतरवण्याचे दिवस संपले. १९१० पर्यंत शहराची वस्ती दहा हजारांच्या पुढे गेली. ही माणसं आली समुद्रापलीकडून. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून ग्रॅनाइट घडवणारे आले. उत्तर इटलीतल्या काराराहून आणि लोंबार्दीतल्या गावांमधून संगमरवरावर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेले शिल्पी आले. बॅरीत रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचा १८९९ साली उभारलेला पुतळा आहे. पुतळ्यासाठी पैसा उभा केला स्कॉटिश लोकांनी आणि दगड घडवला इटालियनांनी. चौथऱ्यावरच्या चित्रपट्टिका एलिया कॉर्ती नावाच्या तरुण शिल्प्याने कोरल्या. या कॉर्तीचं नाव हॉलच्या इतिहासात पुन्हा येणार आहे, आणि ते फार दुःखद कारणाने.

इटलीहून आलेल्या या माणसांनी बरोबर छिन्नी-हातोडा आणला तसे विचारही आणले. कारारा हा अराजकवाद्यांचा बालेकिल्ला मानला जात असे. कामगार वाचत, वाद घालत, वर्गणी काढून वर्तमानपत्रं मागवत. आजारपणात आणि मृत्यूच्या वेळी एकमेकांना हात देणारी ‘सोच्येता दी मूतुओ सोक्कोर्सो’ ही परस्पर साह्य संस्थाही त्यांनी इथे रुजवली. अशा माणसांना भाड्याची खोली पुरणार नव्हती. मालकाची मर्जी फिरली की दार बंद होतं, आणि संपाच्या काळात तर सभेसाठी जागा मिळणं आणखी अवघड. म्हणून आपली जागा हवी, असं त्यांनी ठरवलं. दगड घडवण्याच्या शेडमधलं दिवसभराचं काम संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी घाम गाळून त्यांनी हॉल उभा केला. मजुरी कोणी घेतली नाही.

नाव जरी पक्षाचं असलं तरी हॉलमध्ये जगण्याचे सगळे व्यवहार चालत. युनियनच्या सभा होत, तशा नाचाच्या रात्रीही होत. नाटकं आणि गाणं-बजावणं चाले. कामगारांचं सहकारी दुकानही या आवारात चालायचं. १९१३ मध्ये शेजारी विटांची छोटी बेकरी बांधण्यात आली, कारण इटालियन कुटुंबांना रोज ताजा पाव हवा होता आणि तो परवडणाऱ्या दरात हवा होता. भाषणं ऐकायला तर गाव लोटायचं. खाणकामगारांची आई म्हणून देशभर ओळखली जाणारी मदर जोन्स, रेल्वे कामगारांचा पुढारी आणि समाजवादी पक्षातर्फे अनेकदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारा यूजीन डेब्ज, पश्चिमेकडच्या खाणींमधून आलेला ‘बिग बिल’ हेवूड, असे वक्ते इथल्या व्यासपीठावर उभे राहिले.

व्यासपीठ सगळ्यांचं असलं की भांडणंही सगळ्यांची होतात. समाजवादी आणि अराजकवादी एकाच हॉलमध्ये बसत, पण त्यांचं एकमेकांशी पटत नसे. लुइजी गालेआनी हा अराजकवाद्यांचा प्रखर वक्ता. न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये १९०२ साली रेशीम कामगारांच्या संपात दंगल झाली आणि त्या प्रकरणात पोलीस त्याच्या मागावर होते. तो आधी कॅनडात गेला आणि मग बॅरीत येऊन राहिला. जून १९०३ मध्ये त्याने इथून ‘क्रोनाका सोव्हेर्सिवा’ हे इटालियन वर्तमानपत्र सुरू केलं. समाजवाद्यांच्या बाजूने लेखणी चालवत होता जाचिंतो मेनोत्ती सेर्राती. हा पुढे इटलीत परतून ‘अवांती’ या प्रसिद्ध समाजवादी दैनिकाचा संपादक झाला.

३ ऑक्टोबर १९०३ च्या रात्री सेर्रातीचं भाषण याच हॉलमध्ये होणार होतं. त्याला यायला उशीर झाला. वाट पाहणाऱ्या गर्दीत दोन्ही गटांची माणसं होती. शब्दाने शब्द वाढला, धक्काबुक्की झाली आणि अलेस्सांद्रो गारेत्तो नावाच्या समाजवादी माणसाने पिस्तूल झाडलं. गोळी एलिया कॉर्तीला लागली आणि तो वाचला नाही. त्याचं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास होतं.

बॅरीच्या होप दफनभूमीत कॉर्तीची समाधी आहे. ती त्याच्या भावाने आणि मेव्हण्याने घडवली. एकाच दगडातून कोरलेला, पूर्ण मानवी आकाराचा कॉर्ती तिथे विचारात गढून बसला आहे. कोटाची बटणं आणि कापडाच्या चुण्यासुद्धा दगडात उतरल्या आहेत. जवळ मोडका खांब आहे आणि आजूबाजूला त्याच्या कामाची हत्यारं ठेवली आहेत. बॅरीला येणारे पाहुणे ही समाधी आवर्जून पाहतात. हॉलचा इतिहास सांगताना हा प्रसंग झाकून ठेवण्याचा मोह झाला असता तर नवल नव्हतं. चळवळीच्या वास्तूचं स्मारक होतं तेव्हा तिथली भांडणं सहसा पुसली जातात. बॅरीने ते केलं नाही. कॉर्तीचा मृत्यू हॉलच्या इतिहासात ठळकपणे सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. ज्या सभागृहात मतभेद झालेच नाहीत असं सांगितलं जातं, तिथे माणसं काय करायला जमत होती हे कधी कळत नाही.

याच हॉलची दुसरी आठवण १९१२ ची आहे आणि ती गावाला सर्वात प्रिय आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या कापड गिरण्यांच्या शहरात त्या वर्षी जानेवारीत संप पेटला. कायद्याने स्त्रिया आणि मुलांचे कामाचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ झाले होते. गिरणीमालकांनी त्या प्रमाणात मजुरी कापली. वीस हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. त्यांत डझनावारी देशांतून आलेली माणसं होती. हिवाळा कडक होता आणि घरात खायला नव्हतं. तेव्हा इटालियन कामगारांनी आपल्याकडे चालत आलेला एक मार्ग काढला. संप मिटेपर्यंत मुलांना दुसऱ्या गावांतल्या साथीदारांच्या घरी पाठवायचं. पहिली तुकडी न्यूयॉर्कला गेली. १७ फेब्रुवारीला ३५ मुलं बॅरीला आली. गावाने बँड लावून त्यांचं स्वागत केलं, त्यांना या हॉलमध्ये आणलं, जेवू घातलं आणि तिथून एकेका कुटुंबाने मुलं घरी नेली.

पुढच्या आठवड्यात, २४ फेब्रुवारीला, आणखी मुलं फिलाडेल्फियाला निघाली तेव्हा लॉरेन्सच्या स्टेशनवर पोलिसांनी आया आणि मुलांवर लाठ्या चालवल्या. त्या बातमीने देश हादरला आणि वॉशिंग्टनमध्ये संसदीय चौकशी झाली. मार्चच्या मध्यात मालकांनी पगारवाढ मान्य केली. बॅरीतली मुलं आपापल्या घरी परतली. १९८२ च्या संपात मुंबईचे गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर आपल्या गावी गेले आणि शेतीने कित्येकांची चूल पेटती ठेवली. लॉरेन्सच्या परदेशी कामगारांना असं परतायला गाव नव्हतं. त्यांच्यासाठी बॅरीतल्या अनोळखी घरांनी ती जागा भरून काढली.

हे सगळं चालू असताना शेडमध्ये माणसं मरत होती. संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. ग्रॅनाइटमध्ये मात्र क्वार्ट्‌झचा मोठा वाटा असतो आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन बसते. काराराच्या कारागिरांना दगडाच्या धुळीची सवय होती, पण ती वेगळ्या दगडाची. त्यात हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या आल्या. हाताने ठोकताना उडणाऱ्या कपच्यांच्या जागी आता पिठासारखी धूळ उठू लागली. व्हर्माँटच्या थंडीत शेडची दारं-खिडक्या महिनोन्‌महिने बंद असत, त्यामुळे धुळीला बाहेर जायला वाट नव्हती. पाथरवट चाळिशी-पन्नाशीत खोकत खोकत जात. सिलिकोसिस या धुळीच्या आजारावर क्षय चढायचा आणि मग उपाय उरत नसे. १९२१ मध्ये बॅरीत खास क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडावं लागलं.

धूळ ओढून घेणारी यंत्रं शेडमध्ये सर्वत्र बसायला १९३० चं दशक संपत आलं. युनियनने ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती. होप दफनभूमीतल्या सगळ्या समाध्या बॅरीच्याच ग्रॅनाइटच्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ पाथरवटांनी स्वतःसाठी किंवा आपल्या साथीदारांसाठी कोरल्या. जगभरातून लोक त्यांची कलाकुसर पाहायला येतात. ज्या दगडाने या कारागिरांचा जीव घेतला, त्याच दगडात ही कलाकुसर आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत बॅरीचा कामगार दबदबा राखून होता. १९१६ मध्ये आणि पुन्हा १९२९ मध्ये शहराने समाजवादी महापौर निवडून दिला. दुसरा, फ्रेड सूटर, खाण कामगारांच्या संघटनेचाच पदाधिकारी होता. पण पायाखालची जमीन सरकत होती. १९२२ च्या संपात मालकांनी कॅनडातल्या क्वेबेकहून फ्रेंच भाषिक मजूर आणून संप फोडला. युनियन नसलेल्या कारखान्यांचा तो काळ होता. १९३३ मध्ये मजुरीकपातीविरुद्ध पुन्हा संप झाला, तेव्हा राज्याने नॅशनल गार्डचे जवान रस्त्यावर उतरवले. महामंदीने दगडाची मागणी आटली होती. पहिल्या पिढीतली कितीतरी माणसं धुळीने नेली होती.

१९३६ मध्ये हॉल विकला गेला आणि फळांच्या एका कंपनीचं गोदाम झाला. जिथे मदर जोन्स बोलली तिथे खोकी रचली गेली. नंतर तिथे पाइप आणि नळकामाच्या सामानाचा व्यापार चालला. बाजूची बेकरीही बंद पडली.

वारसा जपण्याच्या चर्चेत अशा काळाला ‘अवकळा’ म्हणण्याची पद्धत आहे. बॅरीच्या बाबतीत मात्र गोदामानेच हॉल वाचवला असं म्हणायला हवं. फळांच्या व्यापाऱ्याला खांबांचा अडथळा नसलेली मोठी मोकळी जागा हवी होती. तीच जागा सभेसाठी बांधली होती, म्हणून तिचे तुकडे पाडून खोल्या करण्याचं कारण पडलं नाही. जमीनही अशी महाग झाली नाही की इमारत पाडून दुसरं काही उभं करावं. दर्शनी भिंतीवरचा हातोडा कोणाला खुपला नाही, की कोणाला तो आठवलाही नाही. जुन्या वास्तूंचा खरा शत्रू असतो जमिनीचा चढता भाव, आणि बॅरीत तो चढला नाही.

ब्रुसेल्समध्ये नेमकं उलट घडलं. व्हिक्टर ओर्ता या थोर वास्तुरचनाकाराने बेल्जियमच्या कामगार पक्षासाठी ‘मेझों दू पप्ल’, म्हणजे ‘लोकांचं घर’, उभारलं. ते १८९९ मध्ये खुलं झालं. लोखंडाचा सांगाडा आणि काचेच्या भिंती यांमुळे सगळं घर उजेडाने भरून जायचं. तळमजल्यावर कॅफे होता, सहकारी दुकानं होती आणि अगदी वरच्या मजल्यावर मोठं सभागृह होतं. कोंदट खोल्यांत राहणाऱ्या कामगाराला आजवर न मिळालेली हवा आणि प्रकाश द्यायचा, असा ओर्ताचा विचार होता. आज वास्तुकलेच्या पुस्तकांत ही इमारत सन्मानाने येते, पण प्रत्यक्षात ती नाही. १९६५ मध्ये ती पाडली गेली. जगभरच्या वास्तुरचनाकारांनी विरोध केला, तरी. तिच्या जागी कार्यालयांचा एक उंच टॉवर उभा राहिला. पुन्हा जोडता यावं म्हणून काही भाग सुटे करून ठेवले होते, पण ते विखुरले, गंजले, हरवले. त्यांतले काही पुढे अँटवर्पमधल्या एका कॅफेच्या सजावटीत वापरले गेले. एवढी मोठी कलाकृती असूनही तिच्या मालकांना, म्हणजे कामगार चळवळीलाच, तिचं काय करावं हे सुचलं नव्हतं.

बॅरीच्या साध्या विटांच्या हॉलला ओर्ताचं नाव नव्हतं. १९९० च्या दशकाच्या मध्यात तो पुन्हा विक्रीला निघाला, तेव्हा गावातल्या इतिहासप्रेमींनी हालचाल केली. १९९५ मध्ये बॅरी हिस्टॉरिकल सोसायटीने तो विकत घेतला. ही काही श्रीमंत संस्था नव्हती. देणग्या, अनुदानं, युनियनांची मदत आणि पुन्हा एकदा गावकऱ्यांचं फुकटचं श्रमदान, असं करत काम पुढे सरकलं. सन २००० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हॉलला ‘नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क’ हा देशातला सर्वोच्च वारसा दर्जा दिला.

या दर्जाविषयी एक गैरसमज आपल्याकडेही आढळतो. नाव यादीत गेलं की वास्तू वाचली, असं वाटतं. अमेरिकेतला हा दर्जा मान देतो आणि अनुदानासाठी अर्ज करायची वाट खुली करतो, पण खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने वास्तू बदलली किंवा पाडली तर केंद्राचा कायदा त्याला सहसा अडवत नाही. छप्पर गळलं तर ते मालकालाच बदलावं लागतं. हिवाळ्यात गरम ठेवण्याचा खर्च येतो आणि विम्याचा हप्ता भरावा लागतो. म्हणून हॉल वाचवणाऱ्यांपुढे पहिल्या दिवसापासून व्यवहाराचा प्रश्न होता. रोजच्या जगण्यात लोकांनी इथे का यावं?

त्यांनी उत्तर शोधलं ते हॉलच्या जुन्या वापरात. तो पुन्हा भाड्याने मिळणारं गावचं सभागृह झाला. इथे लग्नं लागतात, नाच होतात, गाण्याच्या मैफली, सामुदायिक जेवणं आणि युनियनच्या सभा भरतात. दर वर्षी मे दिनाला ‘प्रीमो माज्जो’ या इटालियन नावाने उत्सव होतो, त्यात जेवण असतं, गाणी असतात आणि कामगार इतिहासावर व्याख्यान असतं. काचेच्या कपाटांचं संग्रहालय करून तिकीट लावणं सोपं होतं. पण संग्रहालय म्हणून पाहिलेली जागा माणूस एकदा पाहतो आणि निघून जातो. इथे लग्नात नाचलेली मुलगी पुढच्या वर्षी मे दिनाच्या पंगतीला बसते, तेव्हा भिंतीवरचा फोटो तिच्या पणजोबांच्या पिढीचा आहे हे तिला कोणी तरी सांगतं.

वापर बदलला असं म्हणायचं तर १९३६ ते १९९५ या काळात बदलला होता. १९९५ नंतर हॉल मूळ कामावर परतला. फरक इतकाच, की आता ते कोणा एका पक्षाचं घर राहिलेलं नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला मेलबर्नमध्ये ट्रेड्स हॉल आहे, आणि त्याचीही सुरुवात पाथरवटांपासूनच होते. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्न विद्यापीठाचं बांधकाम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली, मोर्चा काढला आणि पगार न कापता आठ तासांचा दिवस मिळवला. १८५९ मध्ये तिथे कामगारांचं पहिलं साधं सभागृह उघडलं. १८७४ पासून जोसेफ रीड या नामांकित वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार आजची भव्य इमारत टप्प्याटप्प्याने उभी राहिली. मेलबर्नच्या कामगारांनी ती कधीच विकली नाही. आजही तिथे युनियनांची कार्यालयं आहेत आणि त्याच जिन्यांवरून प्रेक्षक नाटकांना आणि शहराच्या प्रसिद्ध विनोद महोत्सवाला येतात. तिथे कार्यालयं हललीच नाहीत, म्हणून वास्तूला नवा धंदा शोधावा लागला नाही, फक्त संध्याकाळ भरून काढायची होती.

भारतात कामगार चळवळीला स्वतःची सभागृहं फारशी लाभली नाहीत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारच्या सुट्टीसाठी एकत्र केलं, ते मोकळ्या मैदानावरच्या सभांतून. १० जून १८९० रोजी मालकांनी ती सुट्टी मान्य केली. ३१ ऑक्टोबर १९२० ला ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचं पहिलं अधिवेशन लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत भरलं, तेही एम्पायर थिएटरमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत. परळचं कामगार मैदान पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावाचं उघडं सभागृह होतं.

चार भिंतींची अशी जागा गिरणगावाला मिळाली ती परळच्या दामोदर हॉलच्या रूपाने. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू काही युनियनचं कार्यालय नव्हती. पण कामगारांच्या नाटकांना तिने छप्पर दिलं. दिवसपाळी करून आलेला माणूस तोंडाला रंग लावून इथल्या रंगमंचावर उभा राहिला. शंभरी गाठलेलं हे नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस बंद झालं आणि पाडकामाला हात लागला, तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं साधं होतं. नवं काही बांधायचं ते बांधा, पण नाट्यगृह त्याच जागी, पुरेशा आसनांसह परत द्या. बॅरी आणि परळ यांत जमिनीच्या भावाचा जो फरक आहे, तो या मागणीचं भवितव्य ठरवतो. परळला ब्रुसेल्सचा अनुभव जास्त लागू पडतो, आणि म्हणूनच तिथे वापराचा आग्रह आधीपासून, कागदावर आराखडा उमटायच्या आत धरावा लागतो.

बॅरीत हॉल सावरल्यावर सोसायटीची नजर शेजारच्या बेकरीकडे वळली. १९१३ ची ती इमारत कित्येक दशकं बंद होती आणि तिची दशा हॉलपेक्षा वाईट होती. भिंती सावरल्या, भट्टी नव्याने उभी केली आणि ‘राइज अप बेकरी’ या नावाने तिथे पुन्हा पाव भाजला जाऊ लागला. वारसा म्हणून पाहिलं तर ही हॉलच्याही पुढची पायरी आहे. सभागृहाला माणसं अधूनमधून येतात, पावाला दर आठवड्याला येतात. शिवाय बेकरी ज्या कामासाठी बांधली तेच काम करते आहे. १९१३ मध्ये जसा कामगारांच्या घरी जात असे तसाच आजचा पावही गावातल्या टेबलांवर जातो.

१० आणि ११ जुलै २०२३ ला व्हर्माँटमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला. बॅरीतली नदी आणि ओढे काठ सोडून शहरात घुसले. राज्यातल्या सर्वांत जास्त नुकसान झालेल्या शहरांत बॅरीचं नाव होतं. लेबर हॉल नदीलगतच्या भागात असल्याने पाणी तिथेही शिरलं आणि इतक्या वर्षांची डागडुजी चिखलात गेली. वर्षभराने, २०२४ च्या जुलैत, त्याच तारखांना पुन्हा पूर आला. हवामान बदलाच्या काळात नदीकाठची जुनी वास्तू जपणं म्हणजे पुढचा पूर गृहीत धरून जपणं. वीज आणि तापवण्याची यंत्रं जमिनीपासून किती उंचीवर बसवायची, भिजलं तरी वाळवून वापरता येईल असं साहित्य कुठे वापरायचं, असे प्रश्न आता अशा प्रत्येक इमारतीपुढे आहेत. १९९५ मध्ये हॉल विकत घेताना ते कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते.

सोसायटीने पुन्हा वर्गणीची हाक दिली. युनियनांनी पैसे दिले, गावकऱ्यांनी फावडी आणि बादल्या घेऊन चिखल उपसला. घरं उद्ध्वस्त झालेल्या शहरात सभागृहासाठी मदत मागणं सोपं नव्हतं, तरी ती मिळाली. पुरानंतर माणसांना जेवायला, भेटायला, नुकसानीची चर्चा करायला आणि पुढचं ठरवायला मोठी जागा हवीच असते, आणि बॅरीत अशी जागा १९०० मध्येच बांधून ठेवलेली आहे.